आईला बीपी निघालंय, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं का? तिथले पेशंट समाधानी असतात का?

दाखवा. पण पेशंट समाधानी आहेत का, यावरून केंद्राची पारख करू नका. माझे आण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका केंद्रातून सहा वर्षं गोळ्या घेतायत, त्या अनुभवावरून सांगतोय.

सुरुवातीला आण्णा भयंकर नाराज. "एवढीशी गोळी देत्यात, सुई न्हाई, सलाईन न्हाई." त्याआधी खासगीत दर खेपेला एक इंजेक्शन टोचून घेऊन ते खूश होऊन यायचे. बीपीला त्या सुईचा काडीचा उपयोग नव्हता! उलट केंद्रातले उपचार ठरलेल्या पद्धतीचे होते. 2017 मध्ये देशात बीपी नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात भंडारा, वर्धा, सिंधुदुर्गबरोबर आमचा सातारा होता. बहुतेकांना आधी अॅम्लोडिपिन देतात, तेवढ्याने बीपी 140/90 च्या खाली येत नसेल तर टेल्मिसार्टन जोडतात. आण्णांचं बीपी दोन महिन्यांत खाली आलं, तरी कुरकुर चालूच.

मग उलटं झालं. सिस्टर ओळखीच्या झाल्या, "आण्णा, जेवलात का" विचारायला लागल्या, आण्णा केंद्राचे गोडवे गायला लागले. नेमका त्याच पावसाळ्यात साठा संपला. महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या गोळ्या हातात पडायच्या, आणि आण्णा त्या पुरवून पुरवून एक दिवसाआड घ्यायचे. घरात कुणाला पत्ता नाही. पुढच्या खेपेला बीपी 170/100. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, "लई चांगला दवाखाना हाय."

पैशाचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

आईबरोबर पहिल्या दोन-तीन खेपांना तुम्ही स्वतः जा. बीपी बघताना पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधतायत का, ते बघा. बाही वर करायला सांगायला लाजू नका. चालत आल्या आल्या मोजू देऊ नका, पाच मिनिटं टेकू द्या. आकडा कार्डावर लिहून घ्या, नुसतं "नॉर्मल आहे" ऐकून परत फिरू नका. पाय सुजायला लागले तर ते अॅम्लोडिपिनमुळेही असू शकतं. तेव्हा गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. आमच्या शेजारच्या काकूंनी गुपचूप बंद केली होती, आशाताईंनी घरी येऊन विचारलं म्हणून कळलं.

आण्णा आता औषधाच्या खिडकीपाशीच पाकिटं मोजतात. दहा-दहाची तीन भरली की मगच पिशवीत टाकतात. कमी भरली तर तिथूनच मला फोन येतो, आणि उरलेल्या मी मेडिकलमधून आणतो.