माणसाचं मन उत्क्रांती घडवते की संस्कृती?

दोघी मिळून. उत्क्रांतीनं आपल्याला तयार ज्ञान थोडंच दिलं. दिली ती नक्कल करण्याची जबर ओढ. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पारदर्शक पेटीतून खाऊ काढताना माणसानं करून दाखवलेल्यातल्या निरुपयोगी कृती चिंपांझींनी गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र दाखवलेलं सगळं तसंच केलं. मला यात मुलांचं शहाणपणच दिसतं. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला पोरं कारण न विचारता मोठ्यांमागं शेतात आंबील शिंपडत फिरतात; त्याच ओढीनं तिफण धरायला, भाकरी थापायलाही शिकतात. असं ज्ञान साठत गेलं, की ते चटकन उचलणाऱ्यांचा जगण्यात फायदा होतो आणि नैसर्गिक निवड तशाच मेंदूंना झुकतं माप देते. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता अशीच, माणूस गुरं पाळायला लागल्यावर पसरली.