तुपक, बंदूक आणि आग

प्रश्न असा आहे: एअरगनमध्ये आग नसते, तरी कायदा तिला ‘अग्निशस्त्र’ म्हणतो का? आणि मराठीत तिला ‘हवाई बंदूक’ म्हणावे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा शब्द कानाला फार दिवस टोचतो आहे. म्हणू नये. ‘हवाई’ म्हणजे हवेतून जाणारे: हवाई दल, हवाई हल्ला. शिवाय दारूकामातली सुर्रकन वर जाणारी हवाई तर दारूवरच उडते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या वस्तूला तेच नाव देणे म्हणजे उलटाच अर्थ लावणे. ‘छर्ऱ्याची बंदूक’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे आणि तो चोख आहे.

आता कायदा. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये कलम २ ची व्याख्या ‘स्फोटकाने’ एवढ्यावर थांबत नाही. स्फोटकाच्या किंवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर काहीही फेकण्यासाठी बनवलेले शस्त्र ते अग्निशस्त्र, असे ती सांगते. दाबलेली हवा ही अन्य ऊर्जाच. अमेरिकेच्या संघीय कायद्यातली व्याख्या मात्र स्फोटकावर थांबते, म्हणून तिथे एअरगन त्या व्याख्येबाहेर राहते. इंटरनेटवरचे निम्मे गैरसमज तिथली उत्तरे इथे चिकटवल्याने झालेले आहेत.

“परवाना लागत नाही, म्हणजे ते शस्त्रच नाही” हे वाक्य तर रोज ऐकू येते. साफ चूक. परवान्यातून सूट देण्याचा अधिकार याच कायद्याच्या ४१व्या कलमात केंद्र सरकारला दिला आहे, आणि जे मुळात कक्षेत आहे त्यालाच सूट देता येते. ज्यांचा खेळण्याखेरीज उपयोगच होऊ शकत नाही अशा वस्तू कायद्याने वेगळ्या काढल्या आहेत. चार-साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा फेकणारी नळी त्यांत बसत नाही.

परवान्याची रेघ २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे: नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा, किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा (म्हणजे .१७७ इंचापेक्षा) मोठा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. यांतली एक गोष्ट असली तरी परवाना हवा. ५.५ मिलिमीटरची मरतुकडी बंदूकसुद्धा बोअरमुळे परवान्यात येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ऊर्जा काढायला सोपे आहे: छर्ऱ्याचे वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (मीटर प्रतिसेकंद), भागिले २०००. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ च्या वेगाने गेला तर सुमारे ८ ज्यूल. २० ज्यूल गाठायला तोच छर्रा २७५ ने जावा लागतो. जाहिरातीतला सेकंदाला “हजार फूट” हा आकडा बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याचा असतो. वजन कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

पण “आग नाही तर अग्निशस्त्र कसे?” या शंकेचे खरे मूळ कायद्यात नाही, शब्दात आहे. ‘अग्निशस्त्र’ हे इंग्रजी ‘फायरआर्म’चे शब्दशः भाषांतर. बंदूक-तोफांच्या आपल्या नेहमीच्या जुन्या शब्दांना आगीची गरज नाही. शुक्रनीती या राजनीतीवरच्या संस्कृत ग्रंथातले ‘नालिक’ म्हणजे नळी. तोफ हा तुर्की ‘टोप’, म्हणजे गोळा. ‘गोळी’बद्दल तर बोलायलाच नको.

‘बंदूक’ तर सुरेखच. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रदेश पॉन्टस. तिथल्या एका कवचीच्या फळाला (हेझलनट) ग्रीक लोक ‘पॉन्टिकॉन’ म्हणत. त्याचे अरबीत झाले ‘बुंदुक’, आणि त्या फळाएवढी मातीची वळलेली गोळी तीही ‘बुंदुक’. ती गोळी धनुष्याने मारत. आपली गलोलही मुळात हेच धनुष्य.

बंदूक हा शब्द व्हेनिसच्या अरबी नावावरून, ‘अल-बुंदुकिया’वरून आला, हत्यारे तिथून आली म्हणून, असे काही अभ्यासक अजून छापतात. हे मला अजिबात मान्य नाही. इजिप्तचा ममलूक सुलतान बैबर्स याला ‘अल-बुंदुकदारी’ म्हणत, कारण त्याचा आधीचा धनी ‘बुंदुकदार’, म्हणजे गोळीचे धनुष्य बाळगणारा अधिकारी होता. बैबर्स वारला १२७७ मध्ये. तेव्हा व्हेनिस कुणाला बंदुका पाठवणार होते? दोन शब्दांचा उच्चार जुळला म्हणून त्यांचे गोत्र जुळत नाही.

आणि ‘तुपक’, बंदुकीचे जुने नाव! तुपक म्हणजे छोटी तोफ, ‘तोफ’ला लघुत्वाचा ‘क’ लागला, असे फारसी कोशांच्या आधाराने सांगतात. ऐकायला गोड, पण उलट पुरावा बळकट आहे. अकराव्या शतकात महमूद काश्गरी या मध्य आशियातल्या कोशकाराने तुर्की शब्दांचा अर्थ अरबीत दिला, त्यात ‘तुवेक’ आहे: विलो झाडाच्या ओल्या सालीची नळी, जिच्यातून गोळ्या मारून चिमण्या टिपत. म्हणजे फुंकणी. त्या भागात तोफ यायला अजून शतके होती, मग तोफेचे पिल्लू तिच्या आधी कसे जन्मले? तुर्की ‘तुफेक’ आणि आपली ‘तुपक’ या फुंकणीच्याच लेकी. छातीतली हवा, सालीची नळी, मातीची गोळी: तुपक आणि बंदूक या दोन शब्दांत मिळून अख्खी एअरगन आहे. दारू नंतर आली आणि तिने नावे बळकावली.

एअरगनमध्ये आग पेटते, पण ती चुकीने. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती भयंकर तापते. सिलिंडरमध्ये कुणी शिवणयंत्राचे तेल सोडले असेल तर ते डिझेल इंजिनासारखे पेट घेते. फाडकन आवाज, नळीतून धूर, जळका वास, आणि लवकरच पिस्टनचे सील जळून वेग पडतो. सिलिंडरमध्ये सिलिकॉन तेलच, तेही थेंबभर. नव्या बंदुकीत कारखान्याचे तेल उरलेले असते, म्हणून तिच्या पहिल्या काही छर्ऱ्यांचा वेग फुगलेला येतो. परवान्यासाठी ऊर्जा मोजायची असेल तर धूर आणि वास थांबून वेग स्थिरावल्यावर दहा छर्रे क्रोनोग्राफवरून (वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) मारावेत आणि तोच आकडा धरावा.