घरची गाणी गाऊ की माझी?

प्रश्न : ताई, मी करावे गावची. आजी ढवळारीण, म्हणजे लग्नाच्या मांडवात ढवळे ही लग्नगीतं गाणारी. वडील आणि काका भजनात. मी न्हावा-शेवा बंदरात कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करते आणि स्वतः गाणी जोडते. घरचे म्हणतात, आपली एवढी गाणी असताना ही नवी कशाला? मागच्या अंकात तुम्ही लॅल वॉटरसन या इंग्लिश गायिकेचा उल्लेख केलात. तिच्या घरीही असंच होतं का? सोबत एक गाणं पाठवते आहे.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : अगं, लॅलला घरच्यांची साथच होती. नाकं मुरडली ती लोकसंगीताच्या कडव्या रसिकांनी. हल हे इंग्लंडच्या पूर्व भागातलं, हंबर खाडीच्या काठचं बंदर. तिथे १९४३ साली ती जन्मली. आईवडील लवकर गेले. नॉर्मा, माइक आणि ही धाकटी, तिघांना आजीनं वाढवलं. नात्यातल्या जॉन हॅरिसनला घेऊन हे चौघं वाद्यांशिवाय गायचे. १९६५ साली आलेली त्यांची ‘फ्रॉस्ट अँड फायर’ ही तबकडी म्हणजे वर्षभरातल्या सणांची आणि ऋतूंची जुनी गाणी. ती जरूर ऐक. चार गळे एकत्र येतात, पण एकही गळा दुसऱ्यात विरघळत नाही. मांडवात तुझी आजी आणि तिची जोडीदारीण ढवळा धरतात, तेव्हा मला तेच ऐकू येतं.

१९६८ मध्ये हा संच थांबला आणि लॅल लिहू लागली. शेतातलं बुजगावणं, दारूच्या नशेत रस्त्यावर पडलेली पण कुणाचा हात न घेणारी बाई, अशी तिची माणसं. माइकचीही गाणी घेऊन १९७२ साली ‘ब्राइट फीबस’ ही तबकडी निघाली. परंपरेच्या भोक्त्यांना ती रुचली नाही, तबकडी विस्मरणात गेली. २०१७ मध्ये ती नव्यानं निघाली तेव्हा लॅलला जाऊन १९ वर्षं झाली होती. मला याचं फार वाईट वाटतं. पण मधल्या काळात भावंडांचा संच पुन्हा जमला होता आणि लॅल त्यात जुनी गाणी गातच राहिली.

म्हणून तू ‘की’ मनातून काढ. आजीला बसवून तिचे ढवळे आधी रेकॉर्ड कर, पूर्ण, कडवी न गाळता. आणि घरच्यांना महानुभाव पंथातल्या कवयित्री महदंबेचं सांग. तेराव्या शतकात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाच्या प्रसंगी तिनं ढवळे रचले. त्या मांडवात तेही नवेच होते.

आता तुझं गाणं. रात्रपाळीत सील नंबर वाचणाऱ्या मुलीचा पहिला अंतरा अस्सल आहे, कारण ते काम तुझ्याखेरीज कुणी असं सांगणार नाही. तिसऱ्या अंतऱ्यात मात्र ‘दर्याची राणी’ आली आणि मजा गेली. ती शेकडो कॅसेटींतून आलेली आहे. ती काढ, तिथे वडिलांची बांधून ठेवलेली होडी येऊ दे. डीजेचा ठेका सध्या नकोच.

एक व्यवहाराचं. कुणी ‘गाणं आम्हाला द्या, नाव करून देतो’ म्हणालं तर सही करण्याआधी करार वकिलाला दाखव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. तारीख घालून वही जपून ठेव, आणि सुधारलेलं गाणं मला पाठव.