देवळाला गाभाराच नाही

प्रश्न : माझी मुलगी जपानी शिकते. तिच्या पुस्तकात ‘शिंतो हा जपानचा मूळ धर्म’ असं वाक्य आहे. शिंतो म्हणजे नेमकं काय? त्याचा संस्थापक कोण? आणि तो बौद्ध धर्माचाच एखादा पंथ आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : संस्थापक कोणीच नाही, आणि बौद्ध पंथ तर नाहीच.

नारा प्रांतातल्या साकुराईला मी तीन वर्षं राहिले. घरमालकीणबाई सत्तरीच्या. एकदा त्यांना धर्म विचारला. ‘‘माझा? काही नाही हो,’’ म्हणाल्या आणि उठल्या. भिंतीवर उंच लावलेल्या फळीवर छोटंसं देवघर होतं, त्याला कामिदाना म्हणतात. तिथलं पाणी बदललं, तांदूळ-मीठ ठेवलं, दोनदा वाकल्या, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा एकदा वाकल्या. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ती घरची रीत होती, तिला धर्म कशाला म्हणायचं?

‘शिन’ म्हणजे देव, ‘तो’ म्हणजे मार्ग. दोन्ही शब्द चिनीतून आलेले. अस्सल जपानीत ‘कामी नो मिची’. ‘शिंतो’ हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात. सम्राट योमेई बुद्धाचा धर्म मानी आणि शिंतोचा आदर करी, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. सहाव्या शतकात कोरियातून बुद्ध आला, तेव्हा घरच्या देवांना वेगळं नाव लागलं. एकुलत्या एका मुलाला कोणी ‘थोरला’ म्हणत नाही. धाकटा जन्मल्यावर म्हणतात.

कामीचं भाषांतर मी ‘देव’ असं करते ते नाइलाजाने. अठराव्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा सांगतात, की जे जे नेहमीपेक्षा वेगळं आणि मनात धाक उत्पन्न करणारं, ते कामी. डोंगर, झाड, समुद्र, माणूससुद्धा. ते चांगलंच असलं पाहिजे असंही नाही. (जपानीत ‘वर’ या अर्थाचाही ‘कामी’ शब्द आहे, त्यावरून हा आला असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. जुन्या जपानीत दोन्हींतले स्वर वेगळे होते.)

मूळ पाहायचं तर मिवाला जावं, तेही साकुराईतच. ओमिवा देवस्थानात सभामंडप आहे, पण गाभारा नाही. मागचा ४६७ मीटर उंचीचा डोंगर, तोच देव. देवळं बांधायची चाल नंतरची; आधी खडकाला, झाडाला दोर बांधून जागा राखायची. भातशेती आली तशी आणखी एक समजूत रुजली : डोंगरातला कामी वसंतात खाली उतरून खाचरात राहतो, कापणी झाली की परत जातो. सूर्यदेवी आमातेरासूच्या कथा ७१२ च्या ‘कोजिकी’ या पुराणकथांच्या ग्रंथात दरबाराने एका सूत्रात ओवल्या, त्याच्या कितीतरी आधीचं हे सगळं.

ओमिवाच्या आवारात एक जुनाट ‘सुगी’चं (जपानी सीडरचं) झाड आहे. त्याच्या ढोलीत देवाचा साप राहतो, म्हणून लोक पुढ्यात अंडी आणि साके (तांदळाची दारू) ठेवतात. नागपंचमीला लाह्या-दूध वाहणाऱ्या घरातली मी, अंडी बघून जरा दचकले.

इथेच बौद्ध मंदिरही होतं, आणि त्यात अकरा मुखांच्या कान्नोनची मूर्ती. देव आणि बुद्ध शतकानुशतकं असे एका आवारात नांदले. १८६८ मध्ये सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने दोघांना वेगळं करायचा हुकूम काढला आणि ती मूर्ती जवळच्या शोरिन-जी मंदिरात हलवावी लागली. अजून तिथेच आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यातही तो अकरा मस्तकांचा आहे, मुलीला जरूर दाखवा. पुढे शिंतो सम्राटभक्तीला जुंपला गेला. डिसेंबर १९४५ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या आदेशाने सरकारशी त्याचं नातं तुटलं.

घरमालकीणबाई गेल्या तेव्हा मी तिथेच होते. अंत्यविधी बौद्ध भिक्षूंनी केला. सुनेने त्याआधीच कामिदानावर पांढरा कागद चिकटवला होता, कारण मरणाचा विटाळ कामींना चालत नाही. सुतक फिटेपर्यंत, पन्नासेक दिवस, तो तसाच होता.