नागपूरच्या उन्हाळ्यात लाईट बिल कमी कसं करायचं?

आधी पंखे बघा भाऊ, एलईडी तर आता सगळ्यांकडेच आहेत. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास, म्हणजे रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, आमच्याकडे तीन बदलले. आणि एसीपेक्षा कूलरच बरा, मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) ओल्या राहिल्या तर मस्त थंड होतं, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, लोकं सगळं बंद करून बसतात अन मग चिपचिप होते म्हणतात. सेट टॉप बॉक्सचं बटन रात्री भिंतीवरूनच बंद करा, रिमोटनं बंद करून काही होत नाही.