शाळेचं वर्ष संपत आलंय. प्राथमिकच्या वर्गाचा शेवट नीट कसा करावा?

तुमचा प्रश्न वाचला. शिकवण्याचं पहिलंच वर्ष, तिसरीचा वर्ग, पटावर ३४ मुलं आणि शाळा संपायला तीन आठवडे. मुलं अचानक ऐकेनाशी झालीत, नोंदींचा ढीग साचलाय, भिंतीवरचे तक्ते कधी उतरवायचे ते कळत नाही, आणि शेवटच्या दिवशी मुलांसमोर रडू आलं तर काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. मी १९ वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवतेय. दरवर्षी याच तीन आठवड्यांतून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या दिवसांत माझं सगळ्यात जास्त लक्ष एका कामाकडे असतं: माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती नीट सोपवणं. निकाल वेळेवर लागतोच, कारण त्याची तारीख ठरलेली असते आणि विचारायला कुणीतरी मागे उभं असतं. सोपवण्याच्या कामाला तारीख नसते आणि ते झालं नाही तरी कुणी विचारत नाही, त्यामुळे ते हमखास राहून जातं.

त्याची किंमत मला नोकरीच्या सुरुवातीलाच कळली. एक मुलगा माझ्या वर्गात आला, तेव्हा त्याच्याबद्दल आधीच्या वर्गाकडून एकच ओळ आली होती, ‘लक्ष देत नाही.’ मीही ती ओळ खरी धरली. हाक मारली तरी तो खिडकीबाहेर बघत राहायचा आणि मी रागवायचे. जवळजवळ तीन महिन्यांनी बाकांची रचना बदलली, तो माझ्या दुसऱ्या हाताला आला आणि एका आठवड्यात वेगळाच मुलगा दिसायला लागला. त्याला डाव्या कानानं फार कमी ऐकू येत होतं. मग आधीच्या बाईंशी बोलले, तर त्या सहज म्हणाल्या, ‘हो, मी त्याला वर्षभर माझ्या टेबलाशेजारीच बसवायचे, तिथं त्याचं छान चालायचं.’ म्हणजे उपाय त्यांना सापडलेला होता. कानाचं त्यांनाही कळलं नव्हतं, पण जागेचं कळलं होतं, आणि तेवढं लिहिलं असतं तरी त्या मुलाचे तीन महिने वाचले असते. ही गोष्ट मला आजही लागते.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाबद्दल चार-पाच ओळी लिहिते. एका बैठकीत ३४ मुलं लिहायला बसू नका; शेवटच्या दहा मुलांच्या वाट्याला नुसते शब्द येतात. रोज तीन मुलं घ्या, १२ दिवसांत होतात. सकाळीच ठरवायचं की आज ही तिघं, आणि दिवसभर त्यांच्याकडे जरा जास्त बघायचं. वर्षभर ज्याच्याकडे पुरेसं बघितलंच गेलं नाही असा एखादा शांत मुलगा किंवा मुलगी यातच सापडते. मला दर वर्षी सापडते, आणि हातात अजून काही दिवस असतात याचं बरं वाटतं.

लिहायचं काय? ‘गणितात कच्चा’ असं लिहून पुढच्या बाईंच्या हाती काहीच पडत नाही. ‘तीन अंकी संख्येला एका अंकानं भागतो, पण उत्तराच्या मध्ये शून्य येणार असेल तर ते गाळतो, ६१२ ला ६ नं भागून १२ लिहितो’ असं लिहिलंत तर नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्या त्याला नेमकी मदत करू शकतात. तसंच वागण्याचं. ‘हट्टी आहे’ याऐवजी ‘काम मध्येच थांबवायला सांगितलं की चिडते, पाच मिनिटं आधी सांगून ठेवलं तर स्वतःहून वही मिटते.’ काय जमतं, कुठे अडतं, काय केल्यावर चालतं आणि कुणाच्या शेजारी बसलं की खुलतं, एवढं पुरतं. घरातल्या खासगी गोष्टी कागदावर आणू नका. एखादी खरंच सांगणं गरजेचं असेल तर ती समोर बसून, तोंडी, आणि ज्यांना कळायला हवी त्यांनाच सांगा.

मुलावर शिक्का बसेल असा शब्द टाळा, हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय. १९६८ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जेकबसन स्वतः मुख्याध्यापिका होत्या. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली गेली आणि सांगितलं गेलं की चाचणीनुसार ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जाणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या उचलाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त भरली. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही. या प्रयोगावर पुढे बराच वाद झाला आणि परिणाम केवढा मोठा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तो दिसला तो सगळ्यात लहान मुलांमध्ये, आणि आपण शिकवतो तीही लहानच मुलं. म्हणून चिठ्ठी लिहून झाली की मी ती पुढच्या बाईंच्या नजरेनं एकदा वाचते. वाचून त्या मुलाला भेटावंसं वाटत नसेल, तर पुन्हा लिहिते.

काही शाळांनी एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा हा सांधाच ठेवलेला नाही. जर्मनीत स्टुटगार्टला १९१९ मध्ये पहिली वाल्डॉर्फ शाळा सुरू झाली; त्या पद्धतीच्या शाळांत वर्गशिक्षक मुलांबरोबरच वरच्या वर्गात जातो, कधीकधी आठ वर्षंसुद्धा. वर्षभरात झालेली ओळख तिथं वाया जात नाही. आपल्याकडून मुलं पुढे जाणार असतील, तर ती ओळख निदान कागदावर आणि बोलण्यातून तरी पुढे जायला हवी.

आता मुलं ऐकत नाहीत त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की वेळापत्रक सैल केलं, तरी उलट गोंधळ वाढला. माझा अनुभव असा की तो सैल केल्यामुळेच वाढतो. मुलांना वर्ष संपल्याची चाहूल आपल्या आधी लागते. काहींना सुट्टीची घाई झालेली असते आणि काहींना सुट्टीची भीती वाटत असते. ज्या मुलाच्या घरी रोज काय होईल याचा नेम नसतो, त्याच्यासाठी शाळेची घंटा, हजेरी, ठरलेला बाक हीच दिवसातली भरवशाची जागा असते. नेमकं असंच मूल शेवटच्या पंधरवड्यात भांडखोर होतं, किंवा एकदम तुमच्याशी बोलणं टाकतं. आपल्याला वाटतं, एवढं वर्षभर केलं आणि आता हे काय! त्याला बिचाऱ्याला निरोप घेता येत नसतो. त्याच्यावर आवाज चढवू नका. हजेरी रोजच्याच वेळी घ्या, वाचनाचा तास रोजच्याच जागी ठेवा, गोष्ट वाचून दाखवत असाल तर ती अगदी शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

याच कारणासाठी तक्ते आणि चित्रं दोन आठवडे आधी उतरवू नका. उघड्या भिंतींच्या वर्गात मुलांना ‘आता इथं आपलं काही नाही’ असं वाटतं आणि ती तसंच वागतात. शेवटच्या दोन दिवसांत उतरवा, आणि मुलांच्या हातानं. फळ्यावर ‘उरलेले दिवस १२, ११, १०’ असं लिहिण्याची पद्धत मी बंद केली. ज्याला जायचंच नाहीये त्याच्यासमोर रोज सकाळी ते मोजणं मला बरं वाटेना.

त्यापेक्षा पुढे काय आहे ते दाखवा. एखाद्या दिवशी मुलांना पुढच्या वर्गात दहा मिनिटं नेऊन बसवा, नव्या बाईंना किंवा सरांना भेटवा. कोण असतील हे ठरलं नसेल, तर निदान वर्गखोली दाखवा. मुलं अभ्यासाबद्दल फारसं विचारत नाहीत. दप्तर कुठे ठेवायचं, पाणी प्यायला मध्ये सोडतात का, माझी मैत्रीण माझ्याच वर्गात असेल ना, हे त्यांचे प्रश्न. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर खोटा शब्द देऊ नका.

नोंदींबद्दल थोडक्यात: गुण, हजेरीची बेरीज आणि निकालपत्रकं आधी उरका, शक्यतो दुसऱ्या आठवड्यातच. वर्गातली पुस्तकं, नकाशे, खेळाचं साहित्य मोजून घ्यायला मुलांची मदत घ्या, ती मोजणी मनापासून करतात. निकालात एखाद्या घरी धक्का बसेल असं काही असेल, तर पालकांना आधी बोलावून सांगा. कागदावरून पहिल्यांदा कळू देऊ नका.

शेवटच्या आठवड्यात नवा धडा सुरू करू नका. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. लांब सुट्टीत मुलं सरासरी सुमारे महिनाभराचं शिकणं मागे पडतात, आणि सगळ्यात जास्त फटका आकडेमोड आणि शब्दलेखनाला बसतो, असं त्यातून निघालं. नंतरच्या अभ्यासांत आकडे कमीजास्त आले, पण सुट्टीनंतर पाढे आणि भागाकार विसरलेला वर्ग मी दर वर्षी समोर बघते. त्यामुळे शेवटचे दिवस मी झालेलंच पुन्हा काढून घेते. पुस्तक मिटून, तोंडी, जोडीजोडीनं, रोज दहा-पंधरा मिनिटं. मुलांना त्यात मजा येते, कारण आपल्याला येतंय हे त्यांना दिसतं.

सुट्टीच्या अभ्यासाच्या जाड वह्या मी देत नाही. पुस्तकं देते, आणि ती मुलांना निवडू देते. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन वर्षं उन्हाळी सुट्टीआधी स्वतः निवडलेली १२-१२ पुस्तकं दिली होती. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांचं वाचन पुढे गेलेलं आढळलं. ‘स्वतः निवडलेली’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलानं तुमच्या मते फारच सोपं पुस्तक उचललं तरी घेऊ द्या. सुट्टीत ग्रंथालय बंद राहणार असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून पुस्तकं घरी देण्याची परवानगी मागा. दोन-चार हरवतील, फाटतील. कपाटात धूळ खाण्यापेक्षा मला ते चालतं.

आणि शेवटचा दिवस. १९९३ मध्ये डॅनियल कानेमान यांच्या गटानं एक साधा प्रयोग केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात धरायला लावलं, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशानं वाढवलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे लांबलेलं निवडलं. शेवट जरा सुसह्य झाला की आठवणच बदलते. वर्ग म्हणजे थंड पाणी नव्हे, पण ज्या मुलाला वर्ष जड गेलं असेल, त्याच्यासाठी मी हे लक्षात ठेवते. शेवटचा अर्धा तास मी आवराआवरीत आणि पळापळीत जाऊ देत नाही.

त्या अर्ध्या तासात आम्ही एकच गोष्ट करतो. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून स्वतःबद्दलच्या पाच ओळी लिहून घेऊन मी जपून ठेवलेल्या असतात. शेवटच्या दिवशी तोच मजकूर पुन्हा लिहायला सांगते आणि मग जुना कागद हातात देते. तुम्ही ठेवला नसेल तर सगळ्यात जुन्या वहीचं पहिलं पान चालेल. मुलं आपलंच अक्षर बघून थक्क होतात, शेजारच्याला दाखवतात. सगळ्यात मागे राहिलेल्या मुलाच्याही दोन कागदांत फरक असतोच, आणि तो त्याला कुणी सांगावा लागत नाही. ‘सर्वांत हुशार’, ‘सर्वांत शिस्तीचा’ अशी बक्षिसं मी या दिवशी देत नाही. दिली तर ३४ पैकी ३० जण रिकाम्या हातानं घरी जातात. जाताना दाराशी उभी राहते आणि प्रत्येकाला त्याचं नाव घेऊन एक वाक्य सांगते. चिठ्ठ्या लिहिताना ते वाक्य आपोआप सापडलेलं असतं.

रडू येण्याबद्दल. आलं तर येऊ द्या, पण का येतंय ते मुलांना लगेच सांगा. एका वर्षी माझे डोळे भरून आले आणि मी काहीच बोलले नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी घाबरून उठली आणि म्हणाली, ‘बाई, आमचं काही चुकलं का?’ मी म्हटलं, ‘नाही गं, तुमची सवय झालीय ना, म्हणून.’ तिनं जरा विचार केला, दप्तर पाठीला अडकवलं आणि मग मला जिन्यापर्यंत सोबत यायला लावून तिचा नवा वर्ग नक्की कोणत्या बाजूला आहे ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.