एपीची युनिट्स जमा होतात, पण कोणत्या खात्यात?

आपल्या मुलाने हायस्कूलमध्ये चार एपी परीक्षा (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, १ ते ५ गुणांच्या परीक्षा) दिल्या: कॅल्क्युलस बीसीत ५, इंग्लिश लँग्वेजमध्ये ४, बायोलॉजीत ४ आणि यूएस हिस्टरीत ३. आता तो कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) पहिल्या सत्रात आहे, त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एखाद्या कॅम्पसमध्ये ट्रान्सफर घ्यायची आहे, आणि या परीक्षांबद्दल मिळणारी युनिट्स (श्रेयांक) धरून दोन वर्षांचे काम एका वर्षात आटोपता येईल का, असा आपला प्रश्न आहे. आमच्या मुलीने काही वर्षांपूर्वी हीच वाट धरली होती; तेव्हा झालेल्या चुकांमुळे जे कळले, ते सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. यूसी ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या एपीला युनिट्स देते. कॅल्क्युलस बीसी, इंग्लिश लँग्वेज, बायोलॉजी आणि यूएस हिस्टरी या प्रत्येकाची ८ क्वार्टर युनिट्स (वर्षात तीन सत्रे धरणारे माप), म्हणजे सेमिस्टरच्या (वर्षात दोन सत्रे धरणाऱ्या) मापाने सुमारे ५.३ युनिट्स होतात. चारही मिळून ३२ क्वार्टर युनिट्स, अर्थात सेमिस्टरची साधारण २१. ट्रान्सफरसाठी किमान ६० सेमिस्टर युनिट्स लागतात, त्यामुळे एक तृतीयांश वाट चालून झाली, असे कोणालाही वाटेल. कम्युनिटी कॉलेजमधून जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्सचेच क्रेडिट मिळते हे खरे असले, तरी एपीची युनिट्स त्या मर्यादेत धरत नाहीत. त्यामुळे युनिट्स जास्त झाली म्हणून प्रवेश नाकारला जाईल, ही अनेक पालकांना वाटणारी भीती निराधार आहे.

मात्र एपीचा विचार तीन वेगवेगळ्या खात्यांत होतो, आणि एका खात्यात जमा झाले म्हणजे दुसऱ्यातही झाले असे नाही. पहिले खाते एकूण युनिट्सचे, ते वर पाहिले. दुसरे सामान्य शिक्षणाचे, म्हणजे २०२५ च्या फॉलपासून (शरद सत्रापासून) आयजीईटीसी या जुन्या यादीच्या जागी आलेल्या कॅल-जीईटीसीचे, म्हणजे ट्रान्सफरआधी करायच्या सामान्य विषयांच्या यादीचे. तेथे इंग्लिश लँग्वेजच्या गुणांवर पहिला लेखनाचा कोर्स सुटतो, परंतु चिकित्सक विचार व लेखनाचा दुसरा कोर्स आणि वक्तृत्वाचा कोर्स कोणत्याही एपीने सुटत नाही. ते कॉलेजात करावेच लागतात. बायोलॉजीने जीवशास्त्राबरोबर प्रयोगशाळेची अटही भागते, ही त्यातली जमेची बाजू.

तिसरे खाते मेजरच्या (मुख्य विषयाच्या) पूर्वतयारीचे, आणि आपल्या मुलाच्या बाबतीत खरा निर्णय तेथेच होणार आहे. एपीचे किती गुण कोणत्या कोर्सच्या बदल्यात चालतील, हे प्रत्येक कॅम्पस आणि बऱ्याचदा तेथील विभाग ठरवतो. एका ठिकाणी ज्या गुणांवर कॅल्क्युलसचे दोन कोर्स सुटतात, त्याच गुणांवर दुसरीकडे एकच सुटू शकतो. असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर कॉलेजचा कोणता कोर्स यूसीच्या कोणत्या कोर्सला समान आहे हे पाहावे, आणि एपीसाठी त्या त्या कॅम्पसच्या कॅटलॉगातील तक्ता स्वतः उघडून वाचावा. बायोलॉजी आणि हिस्टरी मेकॅनिकलच्या पूर्वतयारीत कोठेच बसत नाहीत. युनिट्सच्या संख्येत मात्र त्यांचा निम्मा वाटा आहे.

आता एका वर्षाचा प्रश्न. इंजिनिअरिंगमध्ये वेळ युनिट्सनी ठरत नाही, एकामागून एक येणाऱ्या कोर्सेसच्या साखळीने ठरतो. कॅल्क्युलसवर आधारलेले फिजिक्स सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात बहुधा तीन सत्रांत विभागलेले असते, आणि पहिले झाल्याशिवाय दुसऱ्याला बसू देत नाहीत. शिवाय यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफर विद्यार्थी फॉलमध्येच घेतात आणि अर्ज त्याआधीच्या वर्षाच्या शरद ऋतूत करावा लागतो. म्हणजे एका वर्षात निघायचे तर आपल्या मुलाला पहिल्याच सत्रात, कॉलेजचा एकही ग्रेड हाती नसताना अर्ज करावा लागेल, आणि एपीला ग्रेड नसल्यामुळे ती ट्रान्सफरच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) काहीच भर घालत नाही. माझ्या मते दोन वर्षे घ्यावीत आणि एपीमुळे मोकळी झालेली जागा फिजिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि प्रोग्रॅमिंग नीट करण्यात घालवावी.

कॅल्क्युलस पुन्हा करावा का, असेही आपण विचारले आहे. बीसीत ५ असताना करू नये. समान कोर्स पुन्हा केल्यास दोन्हींची युनिट्स मिळत नाहीत, आणि जे येते तेच करून मिळवलेला ए पाहून कोणी भारावून जात नाही. गुण ३ असते आणि विभाग त्याहून अधिक मागत असता, तर मी उलट सल्ला दिला असता; राज्यातील रहिवाशाला सेमिस्टर युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे पाच युनिटचा कोर्स २३० डॉलरला होतो, आणि पाया कच्चा ठेवण्यापेक्षा ते परवडते. एक बारीक गोष्ट: डी आन्झासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात कॅल्क्युलस चार तुकड्यांत शिकवतात, तेव्हा बीसीनंतर नेमके कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करायची, हे आधीच विचारून घ्यावे.

आमची फजिती याच ठिकाणी झाली. मुलीने नोंदणीच्या दिवशी सकाळी सात वाजता तिसऱ्या कॅल्क्युलसवर क्लिक केले, तर पडद्यावर लाल अक्षरांत पूर्व-अट अपूर्ण असल्याचा संदेश आला. कॉलेज बोर्डाकडून (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून) गुण कॉलेजला पाठवले होते, पण पूर्व-अट माफ करून घेण्याचा अर्ज वेगळा असतो, हे समुपदेशकांनी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. अर्ज मंजूर व्हायला दहा दिवस लागले, तोवर वर्ग भरला, आणि तिला रात्रीच्या वर्गाच्या प्रतीक्षायादीवर बसावे लागले.

तेव्हा गुण दोन ठिकाणी पाठवावे लागतात: कम्युनिटी कॉलेजला, कारण कॅल-जीईटीसीचे प्रमाणपत्र तेच देते, आणि प्रवेश स्वीकारल्यावर यूसीच्या त्या कॅम्पसला. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) एपीची नोंद दिसली, तरी यूसीला कॉलेज बोर्डाकडून थेट आलेला अहवालच लागतो. यूसीच्या अर्जात मात्र चारही परीक्षा सुरुवातीलाच लिहाव्यात, ३ गुणांची हिस्टरीसुद्धा. आणि टॅगचा, म्हणजे हमीच्या प्रवेशाचा विचार असेल, तर तो डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहाच कॅम्पसना आहे. त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरदरम्यान भरतात, आणि काही कॅम्पस ठरावीक मेजर त्यातून वगळतात. मेकॅनिकल त्यात बसते का, हे त्या वर्षीच्या पत्रकात पाहूनच पुढचे ठरवावे.